डीप बाईट आणि जबड्याची वाढ : कारण कोणतं, खूण कोणती?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने दातांवर काय म्हणून बोलावं? शंका रास्त आहे. आम्ही दंतवैद्य नाही, आणि कुणी कोणता उपचार घ्यावा हे सांगायला इथे उभे नाही. पण या विषयाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो कार्यकारणभावाचा आहे. दोन गोष्टी एकत्र दिसतात. त्यांतली कोणती कारण आणि कोणती कार्य? उत्तर चुकलं तर पुस्तकात नुसती रेघ मारावी लागते असं नाही. इथे एखाद्या मुलाच्या तोंडात दोन वर्षं तार राहते, घरचे पैसे जातात, आणि शेवटी अपेक्षाभंग पदरी येतो.

प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दाखवायला नेतात. एक डॉक्टर म्हणतात, "डीप बाईट आहे. वरच्या दातांनी खालचा जबडा अडकवून ठेवलाय, म्हणून हनुवटी मागे राहिली. आत्ताच सोडवला तर जबडा वाढेल." दुसरे म्हणतात, "घाई नको, बारा-तेराव्या वर्षी बघू." दोघेही शिकलेले, दोघेही प्रामाणिक. आईवडिलांनी ऐकायचं कुणाचं? आज आपण या दोन वाक्यांमागे काय दडलंय ते उलगडून बघू.

डीप बाईट म्हणजे नेमकं काय?

दाढांवर दाढा टेकवून तोंड मिटलं की आपले वरचे पटाशीचे दात खालच्या पटाशीच्या दातांना थोडे झाकतात. हे झाकणं साधारण २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे खालच्या दाताच्या दिसणाऱ्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असलं तर ते निरोगी. ते निम्म्याच्या पुढे गेलं की डीप बाईट म्हणतात. कधी कधी खालचे दात पूर्ण झाकले जातात. तोंड मिटल्यावर ते दिसतच नाहीत. त्याहून पुढची पायरी म्हणजे खालच्या दातांची टोकं वरच्या दातांमागे टाळूवर टेकतात. तिथली हिरडी दुखावते. कधी वरचे दात खालच्या दातांची पुढची हिरडी खरवडत राहतात. दात झिजतात ते वेगळंच.

एक घोटाळा इथेच दूर करू. दात पुढे असणं आणि डीप बाईट असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलं आडवं माप, दुसरं उभं. एकाच तोंडात दोन्ही असू शकतात, किंवा एक असून दुसरं नसू शकतं. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या बसणीचं जे वर्गीकरण केलं, त्यात दुसऱ्या वर्गाचे दोन विभाग आहेत. पहिल्या विभागात वरचे दात पुढे आलेले असतात. दुसऱ्या विभागात वरचे मधले दात उलट आत कललेले असतात, आणि खालच्या दातांवर झाकणासारखे बसतात. जर्मन दंतवैद्य याला 'डेकबिस' म्हणतात, म्हणजे शब्दशः झाकणारा चावा. 'जबडा अडकलाय' ही कल्पना मुख्यतः हे झाकण बघूनच सुचली.

आता, दार नीट बसत नसेल तर सुतार आधी काय विचारतो? दोष फळीचा की चौकटीचा? इथेही तसंच आहे. कधी दोष दातांचा असतो : पुढचे दात प्रमाणाबाहेर उगवलेले, किंवा मागच्या दाढा पुरेशा न उगवलेल्या. कधी दोष चौकटीचा, म्हणजे जबड्याच्या हाडांचा असतो : नाकाखालपासून हनुवटीपर्यंतचा चेहऱ्याचा भागच आखूड. बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं. आणि चौकट तर वाढत्या मुलात रोज बदलते आहे. म्हणून आधी चौकट कशी वाढते ते पाहावं लागेल.

कोपनहेगनच्या खिळ्या

खालचा जबडा वाढतो म्हणजे हनुवटीवर हाड चढत जातं असं आपल्याला वाटतं. तसं नाही. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. जे हलताना लागतं ते जबड्याच्या सांध्याचं डोकं. वाढ मुख्यतः तिथे आणि जबड्याच्या मागच्या उभ्या फांदीवर होते. मागे भर पडते आणि त्यामुळे हनुवटी खाली आणि पुढे सरकते.

पण ही वाढ मोजायची कशी? डोक्याचा बाजूने ठरावीक अंतरावरून एक्स-रे काढायची पद्धत १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी स्वतंत्रपणे मांडली. दोन वर्षांच्या अंतराने काढलेले दोन एक्स-रे एकावर एक ठेवायचे आणि फरक बघायचा. पण ठेवायचे कशावर? जबड्याचा प्रत्येक काठ कुठे झिजतोय, कुठे भरतोय. चालत्या गाडीतून शेजारची चालती गाडी बघितली तर वेग कळत नाही, तशी ही अडचण. स्थिर बिंदू हवा.

तो बिंदू डेन्मार्कमधल्या आर्ने ब्यर्क यांनी तयार केला. कोपनहेगनच्या दंतमहाविद्यालयात त्यांनी मुलांच्या जबड्यांच्या हाडात टँटलम धातूच्या अगदी बारीक खिळ्या बसवल्या. टँटलम शरीराला त्रास देत नाही आणि एक्स-रेत स्पष्ट दिसतो. हाड बाहेरून कितीही बदललं तरी आतली खिळी जागची हलत नाही. मग त्याच मुलांचे एक्स-रे वर्षानुवर्षं घेतले. पहिला मोठा निबंध १९५५ साली आला, आणि जबडा वाढताना कसा फिरतो हे सांगणारा प्रसिद्ध निबंध १९६९ साली.

त्यातून काय दिसलं? सांध्याच्या डोक्याची वाढ बालपणात वर्षाला सरासरी ३ मिलिमीटर, वयात येताना ५ च्या आसपास. पण खरा धक्का पुढे आहे. जबडा नुसता लांब होत नाही, तो वाढता वाढता फिरतो. मागची उंची पुढच्या उंचीपेक्षा जास्त वाढली तर हनुवटी पुढे-वर वळते. उलट झालं तर खाली-मागे वळते आणि चेहरा लांबतो. सर्वसाधारण मुलात लहानपणापासून मोठेपणापर्यंत जबड्याचा गाभा सुमारे १५ अंश पुढे फिरतो. बाहेरून मात्र खालची कड फक्त ३ ते ४ अंश फिरल्यासारखी दिसते. कारण हाड फिरत असताना कडेवर काही ठिकाणी झीज आणि काही ठिकाणी भर होऊन ते फिरणं झाकलं जातं. डोळ्यांना दिसतं ते चौथ्या हिश्शाइतकंच!

म्हणजे पुढे फिरणं हा आजार नाही. तो नियमच आहे. तुमचा-आमचा सगळ्यांचा जबडा थोडाफार असा फिरलेला आहे. मग प्रत्येकाला डीप बाईट का होत नाही?

आग, धूर आणि ओलं सरपण

इथे आपल्या न्यायशास्त्रातलं एक जुनं उदाहरण फार कामाला येतं. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे हे अनुमान बरोबर. पण उलटं अनुमान चालत नाही. आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही. लोहाराच्या भट्टीतला लोखंडाचा तापलेला गोळा बघा. आग आहे, धूर नाही. धूर व्हायला आगीबरोबर ओलं सरपण लागतं. या मधल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात.

आता ब्यर्क यांचा १९६९ चा निबंध काय सांगतो ते पाहू. पुढे फिरण्याचे त्यांनी तीन प्रकार केले, आणि ते फिरण्याचा आस कुठे आहे यावरून केले. अडकित्ता डोळ्यांपुढे आणा म्हणजे समजायला सोपं जाईल.

पहिल्या प्रकारात आस सांध्यातच असतो, अडकित्त्याच्या बिजागरीसारखा. मागचे दात गेलेले असले किंवा चावण्याचे स्नायू फार बळकट असले तर खालची दातांची ओळ वरच्या ओळीत दाबली जाते आणि चेहऱ्याची पुढची उंची कमी राहते. परिणाम, डीप बाईट.

दुसऱ्या प्रकारात आस पुढच्या दातांच्या टोकांपाशी असतो. खालचे पटाशीचे दात वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्यावर नीट टेकलेले आहेत. मागची उंची वाढते, जबडा फिरतो, पण पुढचा टेकू धरून फिरतो. चेहरा समतोल राहतो. डीप बाईट होत नाही.

तिसऱ्या प्रकारात पुढचा टेकूच नाही. वरचे दात फार पुढे आहेत, किंवा पुढच्या दातांची बसणी अशी बिघडलेली आहे की ते एकमेकांना अडवत नाहीत. मग आस मागे उपदाढांपाशी सरकतो, आणि जबडा फिरताना पुढचे दात एकमेकांच्या बाजूने घसरत खोल जातात. समोर काही टेकत नसेल तर दात उगवायचा थांबत नाही, हा त्याचा स्वभाव. पुन्हा डीप बाईट.

जुळवून बघा. जबड्याचं पुढे फिरणं ही आग. ती बहुतेकांत आहे, कमी-जास्त. पुढच्या दातांचा टेकू नसणं हे ओलं सरपण. आणि डीप बाईट हा धूर. ज्याच्यात आग फार मोठी आहे, म्हणजे फिरणं फारच जास्त आहे, त्याला थोडंसं ओलं सरपणही पुरतं. ज्याच्यात ती मंद आहे त्याचा टेकू थोडा सुटला तरी फारसा धूर होत नाही.

वरचे दात मुळात आत का कलतात? खालचा ओठ वरच्या दातांवर जास्त उंचीपर्यंत येऊन त्यांना आत रेटतो, हे एक कारण मानतात. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. एकसारख्या जुळ्यांत हा झाकणारा चावा एकाला असला तर दुसऱ्यालाही बहुधा आढळतो.

कुलूप उघडलं की जबडा वाढतो का?

आता पहिल्या डॉक्टरांच्या वाक्याकडे येऊ. झाकण म्हणजे कुलूप, ते उघडलं की अडकलेला जबडा मोकळा होऊन वाढेल. उपमा छान आहे, आणि म्हणूनच धोक्याची आहे. उपमेने समजतं, सिद्ध होत नाही. वरचे दात बाहेर कलवल्यावर काही मुलांचा जबडा थोडा पुढे येऊन बसतो हे खरं. पण त्यामुळे हाड एरवी वाढलं असतं त्यापेक्षा कायमचं जास्त वाढतं, याला भक्कम आधार मिळालेला नाही.

शेजारच्या प्रश्नावर मात्र चांगला पुरावा आहे. वरचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे असलेल्या मुलांवर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लॉरिडा इथे, तसंच ब्रिटनमध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या झाल्या. एका गटावर लहानपणी एक टप्पा आणि किशोरवयात दुसरा. दुसऱ्या गटावर फक्त किशोरवयात उपचार. सुरुवातीला पहिल्या गटात फरक दिसला. पण सगळे उपचार संपल्यावर दोन्ही गटांचे जबडे आणि दातांची बसणी जवळजवळ सारखी निघाली. लवकर सुरू करण्याचा एक फायदा मात्र टिकला : पुढे आलेले दात पडून-आपटून दुखावण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणजे लवकर उपचाराला कारण असू शकतं, पण 'जबडा जास्त वाढेल' हे ते कारण नव्हे.

लहान वयात थांबण्याला आणखी एक आधार आहे. दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असण्याच्या काळात पुढचं झाकणं मुळातच थोडं वाढतं, आणि मागच्या दाढा उगवल्यावर पुष्कळदा कमी होतं. अपवाद अर्थात आहेत. टाळूला जखम होत असेल, हिरडी खाली सरकत असेल, तर वय न बघता दाखवलंच पाहिजे.

दुरुस्तीचे मार्ग

डीप बाईट सुधारायचे मार्ग तीनच. मागच्या दाढा वर आणायच्या, पुढचे दात हाडात थोडे आत सरकवायचे, किंवा आत कललेले पुढचे दात बाहेर कलवायचे. बाकी सगळी साधनं या तिघांची मिश्रणं आहेत.

पहिला मार्ग सोपा वाटतो. वरच्या पुढच्या दातांमागे प्लास्टिकचा सपाट ओटा असलेली प्लेट देतात. खालचे पुढचे दात त्या ओट्यावर टेकतात, मागे फट राहते, आणि ती भरायला दाढा उगवतात. पुन्हा अडकित्ता आठवा : बिजागरीजवळ थोडं उघडलं तर टोकाशी जास्त उघडतं. दाढ १ मिलिमीटर वर आली की पुढे साधारण २ मिलिमीटरने चावा उघडतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या ट्विन ब्लॉकमध्येही प्लास्टिकचा ठोकळा हळूहळू घासून खालच्या दाढांना उगवायला जागा देतात.

पण वय बघा. वाढत्या मुलात दाढा उगवतात तेव्हा जबड्याची मागची फांदीही वाढत असते, त्यामुळे मिळालेली उंची पचते. वाढ संपलेल्या माणसात तसं होत नाही. दाढा उचलल्या की जबडा खाली-मागे वळतो, आणि चावण्याचे स्नायू त्या दाढा पुन्हा खाली दाबतात. शिवाय हनुवटी आधीच मागे असेल तर ती आणखी मागे दिसते. म्हणून मोठ्या माणसात पुढचे दात आत सरकवणं हा मार्ग जास्त वापरतात. त्याला जोर फार थोडा लागतो. एका दातामागे १० ते २० ग्रॅम, म्हणजे दोन-चार चमचे साखरेचं वजन. जास्त जोर लावला तर काम लवकर होत नाही, उलट दाताचं मूळ झिजण्याचा धोका वाढतो. आधारासाठी अलीकडे हाडात तात्पुरते छोटे स्क्रू बसवतात. हाडांचा दोषच मोठा असेल तर वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया हा पर्याय उरतो.

कोणते दात आत न्यायचे हेही महत्त्वाचं. हसताना वरची हिरडी फार दिसत असेल तर वरचे दात नेणं योग्य. नसेल तर जपून. वय वाढतं तसा वरचा ओठ खाली येतो आणि वरचे दात कमी दिसू लागतात. पंचविशीत वरचे दात फार आत नेले तर पन्नाशीत हसू दात नसल्यासारखं दिसतं.

मार्ग कोणताही असो, शेवटी एक गोष्ट साधलीच पाहिजे. वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमधला कोन सरासरी १३० अंशांच्या आसपास आला पाहिजे आणि खालच्या दाताच्या टोकाला वरच्या दाताच्या मागे टेकायला जागा मिळाली पाहिजे. नुसता चावा उघडून टेकू न देणं म्हणजे धूर पंख्याने हाकलणं. खोली क्षणभर स्वच्छ दिसते, सरपण मात्र ओलंच राहतं.

तार काढल्यावर

आणि आता पालकांनी सर्वात जास्त लक्षात ठेवायची गोष्ट. चौदाव्या वर्षी तार निघते, दात सुंदर दिसतात, सगळे खूश. पण आग विझलेली नाही! चेहऱ्याची उभी वाढ सगळ्यात शेवटी थांबते. मुलींत थोडी आधी, मुलांत विशीच्या जवळपास. तोपर्यंत जबडा फिरतोच आहे, आणि टेकू जरा सैल झाला की चावा पुन्हा खोल होतो. म्हणून रिटेनरमध्येही पुढच्या दातांमागे छोटा ओटा ठेवतात आणि वाढ थांबेपर्यंत तो निदान रात्री घालायला सांगतात. मुलं कंटाळतात, डबा हरवतात, पालकही "आता झालं की" म्हणतात. उपचाराचे दोन वर्षांचे कष्ट इथे वाया जातात.

थोडक्यात, डीप बाईट ही जबड्याच्या वाढीची खूण आहे, वाढ रोखणारं कुलूप नव्हे. वाढीची दिशा आपल्या हातात फारशी नाही. पुढच्या दातांना टेकू देणं आणि वाढ संपेपर्यंत तो राखणं हे मात्र आपल्या हातात आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : जीभ टाळूला लावून ठेवली, कडक खाल्लं, तर जबडा सुधारतो असं व्हिडिओत सांगतात. खरं आहे का?

उत्तर : स्नायूंचा आणि हाडांच्या घडणीचा संबंध आहे, हे नाकारता येत नाही. आत्ताच आपण बळकट स्नायूंचा उल्लेख केला. पण गंमत बघा, डीप बाईटमध्ये ते स्नायू बहुधा आधीच जोरदार असतात. आणखी चावून चावा उघडेल, हे तर्काला धरून नाही. जीभ ठेवण्याच्या व्यायामाने जबडा बदलतो याला विश्वासार्ह पुरावा नाही.

प्रश्न : मग त्या दोन डॉक्टरांपैकी बरोबर कोण?

उत्तर : ते मूल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि सांगायचा अधिकार आमचा नाही. पण तुम्ही चार प्रश्न विचारू शकता. दोष दातांचा आहे की हाडांचा? टाळूला किंवा हिरडीला इजा होते आहे का? आत्ता सुरू केलं तर नेमकं काय मिळेल जे तीन वर्षांनी मिळणार नाही? आणि तार काढल्यावर वाढ थांबेपर्यंत काय घालायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'जबडा जास्त वाढेल' एवढंच आलं तर आणखी एका डॉक्टरांचं मत घ्या. 'टाळूची जखम थांबेल' किंवा 'पुढे आलेले दात वाचतील' असं आलं, तर ते कारण विचारात घेण्यासारखं आहे. आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर देताना डॉक्टर वेळ घेऊन बोलले, तर तुम्ही बऱ्या ठिकाणी आला आहात असं समजा.